शेवाळाची भुकटी

शेवाळ नुसतं दिसलं तरी मला आजही शिसारी येते. ऐंशी सालाच्या आसपास आमच्या मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, निपाणीजवळच्या आमच्या गावचं तळं मासे पाळायला घेतलं आणि त्या वर्षी माझी अन्नावरची वासनाच उडाली.

मामांचं सगळं आयुष्य तंबाखूच्या वखारीत पोती वाहण्यात गेलेलं. पाठ कामातून गेली होती, खोकला थांबत नव्हता. तळं चाललं तर पुन्हा वखारीची पायरी चढायची नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मीही त्याच वखारीत तंबाखू चाळायला जात होते. त्यामुळं त्यांचा आनंद मला कळत होता.

थंडीत माशांच्या अंगावर लाल चट्टे उठले. बेळगावहून मासेखात्याचे साहेब आले. म्हणाले, तळ्यातलं हिरवं शेवाळ काढून वाळवा, कुटा आणि पेंडीत, कोंड्यात कालवून घाला. माशांच्या अंगात रोगाशी झगडायची ताकद येते. एवढं सांगून साहेब जीपमध्ये बसले. वाळवणं आणि कुटणं माझ्या वाट्याला आलं.

ओलं शेवाळ शेंबडासारखं बोटांतून ओघळायचं. अंगणात पसरलं की माश्या घोंघावायच्या. वाळलं तरी त्याचा कुबट वास केसांत, पदरात, अगदी भाकरीतसुद्धा. मामा मात्र चिमूटभर भुकटी जिभेवर ठेवायचे आणि म्हणायचे, "लई झ्याक झालंय गं पोरी. उड्या मारून खात्यात बघ मासं." मी तोंडाला पदर लावून परसात पळायची.

पण चट्टे खरंच कमी झाले. मामा गावभर सांगत सुटले. मी कुटत राहिले.

उन्हाळ्यात एकदा भुकटीच्या पिंपाचं झाकण उघडलं, तर आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. झाकण दाणकन लावून मी लांब झाले. सगळं फेकून द्यायचं, तर पुन्हा ते शेवाळ, पुन्हा ते कुटणं. आमच्याकडं कीड म्हटली की तंबाखू. लुगड्यांच्या ट्रंकेत तंबाखू, कोंबड्यांच्या खुराड्यात तंबाखू. दिवसभर नाकातोंडात जाणारा तो चुरा आम्हाला घाण वाटतच नव्हता. परसात वखारीतला चुरा पडलेला होता. पाटीभर उचलून पिंपात ओतला आणि ढवळला. अळ्या मेल्या, वासही दबला. किती हायसं वाटलं मला! मामांच्या नाकाला तंबाखूचा वास जन्मभर चिकटलेला, आणि भुकटी चाखणं त्यांनी एव्हाना सोडलं होतं. त्यांना काहीच कळलं नाही; तीच भुकटी पेंडीत कालवून त्यांनी तळ्यात घातली.

तळ्यात गुडघाभरच पाणी उरलं होतं. दोन दिवसांत सगळे मासे पोट वर करून तरंगले. वास सुटला. मामा त्या पाण्यात उतरून एकेक मासा हातानं काढत होते.

साहेब पुन्हा आले. "शेवाळानं मासे मरत नाहीत. दुसरं काय घातलंत?"

"पेंड, कोंडा. दुसरं काय बी न्हाय, साहेब," मामा म्हणाले.

मी दारात उभी होते. वखारीत नवी आलेली बाई पहिल्या दिवशी चुऱ्यानं उलट्या करते, हे मला तेव्हा आठवलं. मी दाराआड सरकले. "माझ्याच हातनं काय तरी चुकलं आसंल," मामा साहेबांना सांगत होते. त्या घटकेला मला माझी जेवढी किळस आली, तेवढी शेवाळाची कधीच आली नाही.

पुढच्या आठवड्यात मामा वखारीत पोती उचलायला गेले. दिवस मावळताना परत आले, उंबऱ्यावर टेकले आणि खोकला थांबल्यावर अंगातली पैरण काढून धुवायला माझ्या हातात दिली. ती तंबाखूनं माखली होती.

"शेवाळाच्या वासापरीस ह्यो वास बरा. न्हाय का गं पोरी?"

"व्हय, मामा," मी म्हणाले.