लेकरांना चिमटे काढणारी नाईकीण

झोपलेल्या तान्ह्या लेकराला चिमटा काढणारी बाई तुम्ही कधी पाहिली आहे? मी पाहिली आहे. इंग्रजी अमदानीत नागपूरच्या एका गिरणीत आम्ही बायका सुताच्या लड्या करायच्या रीळखात्यात होतो. आमच्याकडून काम करून घेणारी जी बाई, ती नाईकीण. जेवणाची सुटी झाली की आम्ही भाकरी सोडायला बसायचो आणि ही निघायची अंगणातल्या कडुनिंबाकडे. तिथे फांद्यांना आमच्या लेकरांच्या झोळ्या टांगलेल्या असायच्या. एकेक झोळी उघडायची आणि तळपायाला चिमटा काढायचा. लेकरू किंचाळलं की पुढची झोळी.

"काय बाई आहे, बाप्पा!" आम्ही म्हणायचो. तिला स्वतःला मूलबाळ नव्हतं. माझ्या शेजारच्या रिळावर मंजुळा होती, तिची तर खात्रीच होती की ही करणी करते. मला करणीबिरणी पटत नव्हती. माझा संशय वेगळा होता. हिला गिरणीच्या आवारातून लेकरंच हाकलायची आहेत आणि ही साहेबासाठी निमित्त शोधते आहे, असं मला वाटायचं.

वाटणारच की! कामाच्या बाबतीत तिला दयामाया ठाऊक नव्हती. धागा तुटला की आमच्या आधी तिला कळायचं. "हात चालव वं, तोंड नको!" हे दिवसभर. डोकं दुखतं म्हणावं तर म्हणायची, "डोक्यानं थोडीच लडी करून राहिली तू?" अशी बाई मायेनं झोळीत डोकावते, हे कोण मानणार? त्यात ती मधूनच कानाशी येऊन विचारायची, "पोराले अफू देली का वं?" आम्ही सगळ्या नाही म्हणायचो, आणि सगळ्याच देत होतो. नखावर मावेल एवढी दिली की लेकरू संध्याकाळपर्यंत गप. न देऊन करणार काय? रडणाऱ्या पोराकडे जायला रीळ सोडलं, की ते घ्यायला दुसरी बाई फाटकाशी उभीच असायची.

एका दुपारी ती तरातरा माझ्यापाशी आली. "चिमटा काढला तरी तुयी गंगू उठून नाही राहिली. सोड रीळ."

"माह्यं काम जाईन, बाई."

"जाऊ दे मंग. चल लवकर!"

गंगूचे ओठ निळसर पडले होते. नाईकिणीने तिच्या तोंडावर पाणी मारलं, तळव्यांवर चापट्या मारल्या आणि तिला माझ्या खांद्यावर टाकलं. "फिरत राह्य. झोपू देऊ नको. रडली का वापस ये, तोवर मले तोंड दाखवू नको." त्या उन्हात मी अंगणभर फिरले, तिला हलवत, हाका मारत, देवाला शिव्या देत. खूप वेळाने गंगूने भोकाड पसरलं. माझ्या जिवात जीव आला. आत गेले तर माझं रीळ तिने मंजुळाच्या गळ्यात मारलेलं. मला पाहून एवढंच म्हणाली, "लाग कामाले. सूत पडून राहिलं." असा संताप आला मला!

दुसऱ्या दिवसापासून तिने नवीनच काढलं. अंगावर पिणाऱ्या लेकरांच्या आयांनी पाळीपाळीने बाहेर जायचं आणि पाजून यायचं. तोवर शेजारणीने दोन रिळं बघायची. अफू बंद म्हणजे बंद. "मले लेकरू बी जागं पाहिजे अन् रीळ बी चालू पाहिजे," ती म्हणाली. मला यातही काहीतरी काळंबेरं वाटलं. पण रिळं चालली. थोडी सावकाश चालली, आणि साहेबाला तेवढं कारण पुरलं. त्याने तिची नाइकी काढून घेतली.

ती निघाली तेव्हा मी फाटकापर्यंत मागे गेले. "काहून केलं वं बाई हे?"

"आईचं चित्त थाऱ्यावर नसलं का धागा तुटते. मी सुतासाठी केलं."

साफ खोटं! तिच्याबद्दल इतके संशय घेतले मी, पण पक्की खात्री झाली ती या एकाच बाबतीत. मी तिचे हात धरले. ते सोडवून घेऊन ती इतवारीच्या रस्त्याला लागली. पुन्हा काही दिसली नाही.

नवी नाईकीण बोलायला फार गोड. 'माय' म्हटल्याशिवाय तिचं वाक्य सुरू व्हायचं नाही. कुणावर ओरडणं नाही, कुणाच्या झोळीत डोकावणं नाही. पाळ्या तेवढ्या बंद झाल्या आणि अफू पुन्हा सुरू झाली. मी गंगूला गावी आईपाशी ठेवून आले. खात्यात भराभर लड्या निघू लागल्या, साहेब खूश. मला मात्र जुनीच्या शिव्या आठवायच्या आणि रडू यायचं.

पुढे एक दिवस मंजुळाचं पोर झोळीतून उठलं नाही. जेवणाच्या सुटीत तिने डोकावून पाहिलं होतं. गाढ झोपलंय, असं समजून ती रिळावर परत आली. तिला कुणी रीळ सोडायला सांगितलं नाही. संध्याकाळचा भोंगा झाल्यावर तिला कळलं.