लोणच्याची दुसरी बरणी

मावशींच्या ओट्यावर चिनीमातीच्या दोन बरण्या शेजारी शेजारी असत. एकीत कैरीचं लोणचं, दुसरीत घराचे कागद. दोन्हींच्या तोंडाला सारखंच पांढरं फडकं. सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी आणि त्या अध्यक्ष. ‘लॉकर घ्या’ असं मी त्यांना किमान वीस वेळा सांगितलं असेल. त्या म्हणायच्या, “मडक्यातला कागद टिकतो रे. आमच्या शास्त्रात लिहिलंय.”

मावशी बेने इस्राएल, म्हणजे शनिवारी विश्रांती पाळणारे कोकणातले मराठी ज्यू; गाव अलिबागकडचं. “शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली आम्ही,” अशी स्वतःची ओळख त्या ठसक्यात करून देत. नर्सची नोकरी करून निवृत्त झालेल्या. यजमान गेलेले, मुलगी लग्न होऊन इस्राएलला.

आमची इमारत धोकादायक ठरली आणि सोळा बिऱ्हाडं बाहेर पडली. बिल्डरने तीस महिन्यांचा शब्द दिला होता. एकावन्नाव्या महिन्यात तिथे जोतं, गंजलेल्या सळ्या आणि कमरेएवढं गवत होतं. मावशी काशीमीराला गॅरेजवरच्या खोलीत भाड्याने राहत होत्या. जिना उभा, गुडघे दुखरे. पण नवस बोलून मोकळ्या झाल्या होत्या: “परत गेलो की आमच्या एलियाहू हन्नाबीच्या, त्या संदेष्ट्याच्या नावाने मलिदा. पोहे, नारळ, साखर, पाच फळं. सोळाही घरांनी यायचं.”

मी कुरकुर केली की त्या म्हणत, “आमच्या लोकांना मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, सुटल्यावर आपल्या देशात पोचायला चाळीस वर्षं लागली. तीही चालत!”

एकदा मी नकाशा काढून बसलो. “मावशी, रोज दहा किलोमीटर धरले तरी दोन महिन्यांत पोचायला हवं होतं.”

“बरोबर आहे. पण बरोबर तुझ्यासारखे कुरकुरे होते ना!”

शेवटी माझा धीर सुटला. एका दलालाने माझा घराचा हक्क निम्म्या किमतीत मागितला आणि मी हो म्हणालो. ना-हरकत पत्रावर अध्यक्षांची सही हवी होती, म्हणून काशीमीराला गेलो. खाली ट्रकचे हॉर्न, वर मावशी तांदूळ निवडत बसलेल्या.

“सही देते. घर तुझं आहे. आधी चहा घे.” मग त्यांनी मला यिर्मया संदेष्ट्याची गोष्ट सांगितली. शहराला शत्रूचा वेढा, हा स्वतः कैदेत. आणि अशा वेळी त्याने शेत विकत घेतलं, कारण या देशात पुन्हा घरं आणि शेतं विकत घेतली जातील, असं देवाचं वचन होतं. सतरा शेकेल चांदी तराजूत तोलून दिली, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, एक प्रत मोहोरबंद, एक उघडी, आणि दोन्ही मडक्यात.

कागदपत्रं चोख होती, हे मला मान्य करावं लागलं. मी विचारलं, “मग त्याला शेत मिळालं?”

“नाही. लोक परतले ते कितीतरी वर्षांनी. तोवर तो कुठला राहतोय!”

“म्हणजे तोट्याचा व्यवहार.”

मावशी हसल्या. “अरे, स्वतःसाठी घेतलं असतं तर कागद खिशात ठेवला असता. मडक्यात कशाला ठेवेल?”

पेन त्यांनी हातात घेतलं होतं. मी पत्र घडी करून परत घेतलं.

पुढे नवा बिल्डर नेमला, त्यासाठी झालेल्या एकवीस सभांना मावशी जिना उतरून आल्या. सातवा मजला उभा राहिला तेव्हा रिक्षाने येऊन खालूनच मजले मोजून गेल्या. ताबा मिळायच्या पाच महिने आधी, झोपेतच त्या गेल्या.

किल्ल्या घ्यायला त्यांची मुलगी इस्राएलहून आली. मी मूळ करारनामा मागितला तेव्हा तिने बरणी माझ्यापुढे ठेवली. फडकं सोडलं. एकही पान कमी नव्हतं, एकालाही वाळवी नव्हती. मोहरीचा वास तेवढा येत होता. त्याच दिवशी तिने त्या रिकाम्या घरात मलिदा केला. मी सोळा घरांच्या ताटल्या मोजून मांडल्या. ती म्हणाली, “काका, एलियाहू हन्नाबीची ताटली राहिली. आई तुम्हाला ओरडली असती.”

आता आमच्या ओट्यावरही दोन बरण्या आहेत. “निदान चिठ्ठी तरी चिकटवा,” बायको म्हणते, “नाहीतर एक दिवस पानात करारनामा वाढीन.” मी चिठ्ठी लावलेली नाही. माझ्या मुलीला मात्र दुसरी बरणी कुठली ते दाखवून ठेवलंय.