श्वास सुटेपर्यंत

पनवेलच्या बाजारात कृष्णधवल रोल अजून धुणारे एक म्हातारे फोटोग्राफर आहेत. बाबांच्या जुन्या कॅमेऱ्यात राहून गेलेल्या रोलमधली एकच फ्रेम शाबूत निघाली. तिची प्रिंट काढताना त्यांनी मला डार्करूममध्ये नेलं. लाल दिव्याखाली त्यांनी कोरा दिसणारा कागद रसायनात सोडला आणि कान माझ्याकडे करून ते ट्रे हलवत राहिले.

"मोतीबिंदूमुळे मला नीट दिसत नाही. माणूस ओळखू आला की गिऱ्हाईकाचा श्वास सुटतो. तेव्हा मी कागद उचलतो, नाहीतर तो काळा पडत जातो."

आधी कुंकू उमटलं, मग डोळे. आईच होती, आजारपणाच्या आधीची, हसणारी. माझा श्वास छातीतच अडकला. तिचा चेहरा काळा पडू लागला, तरी माझ्या तोंडून शब्द फुटेना.

"अजून कोणी आलं नाही का, ताई?" त्यांनी विचारलं.