सरायचे सतरा

शाळेत मी सगळ्यात भारी नक्कल कोणाची करायचो, तं आमच्या गणिताच्या सरायची. बाबा रेल्वेत, म्हणून आम्ही रायपूरच्या अलीकडं एका लहान टेसनाच्या गावात राहायचो. तिथं बऱ्यापैकी इंग्रजी शिकवणारी एकच शाळा, मिशनची. सर मूळचे अमरावतीकडचे, ख्रिस्ती, घरात मराठी. खडूचा हात डाव्या बाहीले पुसायचा, चष्मा कपाळावर ढकलायचा अन् म्हणायचं, "उत्तर राहू दे बाजूले. स्टेप दाखव, स्टेप." मी हे केलं की वर्ग बेंचखाली जायचा. एकदा कोणीच हसून नाही राहिलं. काहून, म्हणून मागं पाहतो तं सर उभे. म्हणाले, "बाही चुकली. डावी."

नववीत त्यायनं मले गणितात एकतीस दिले. पास व्हायले तेहतीस लागते. दोन मार्कासाठी मी त्यायच्या घरी जाऊन रडलो. मॅडमनं चहा दिला, चिवडा दिला. सरायनं मार्क नाही दिले.

आता मी रायपुरात एका ऑफिसात कामाले आहो, अन् लग्नाबिग्नात माईक भेटला की सोडत नाही. मागच्या थंडीत ऑफिसातल्या एक दीदी मले म्हणाल्या, "भैया, हमारे चर्च में बाहर से पास्टर आ रहे हैं. केनिया, फिलिपीन्स, नेपाल. तू इंग्लिश का हिंदी कर देगा क्या?" त्यायचं चर्च शंकर नगरात. मी लगेच हव म्हणून टाकलं.

घरी आईनं ऐकलं अन् पोळी तव्यावरच ठेवली. "तिकडून नाव बदलून नको येजो बापा."

"अवं, दोन दिवसाचं काम आहे."

"अन् कोणाच्याबी देवाचं असो, टवाळी नको करू."

दुभाष्याचा एक नियम आहे. समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं. मले तं परवानाच भेटला. केनियाचे पास्टर उंचपुरे, आवाज विहिरीतून यावा तसा. ते सांगत होते, त्यायचं पहिलं चर्च आंब्याखाली भरायचं अन् पाऊस आला की बकऱ्याही आत घुसायच्या, म्हणजे झाडाखाली. मीही विहिरीतूनच हिंदी काढलं. फिलिपीन्सचे पास्टर दर वाक्यानंतर हसत, मीही हसलो. नेपाळच्या पास्टरायले हिंदी येत होतं, तिथं माझी रोजी गेली. पण दोनशे लोकायचा हॉल खूश होता.

चहाच्या वेळेस मागच्या बेंचवर एक माणूस दिसला. डावी बाही पुसून राहिला होता. हातात खडू नव्हता, बिस्किटाचा चुरा होता. सर!

दीदींनी सांगितलं, सर रिटायर झाल्यापासून बीरगांवले राहतात. कारखान्यातल्या मजुरायची प्रार्थनासभा चालवतात, पत्र्याच्या एका हॉलात. अन् आज तिचाच निकाल होता. जिथं तीसपेक्षा कमी माणसं, ती सभा शंकर नगरच्या मोठ्या चर्चात मिळवून टाकायची. ते ठरवायचं होतं ह्या तीन पाहुण्यायनं.

"सर के यहाँ कितने हैं?"

"सत्रह."

"तो यहीं आ जाएँगे ना सब?"

"बीरगांव से कौन आएगा भैया? संडे को भी शिफ्ट रहती है. मिला दिया मतलब बंद."

मी सरायच्या पाया पडलो. त्यायनं चष्मा वर केला. "तू? इंग्रजी बरी झाली तुही. गणित?"

"तसंच आहे सर."

मग सरायची पाळी आली. ते माईकपुढं हिंदीत बोलले, मी बाजूले उभा राहून पाहुण्यायले इंग्रजीत सांगत गेलो. "हमारे यहाँ अभी सत्रह लोग आते हैं," सर म्हणाले.

मी म्हणालो, "थर्टी-थ्री."

तोंडातून निघून गेलं. सरायनं मले दोन मार्क नव्हते दिले, मी त्यायले सोळा देऊन काठावर पास केलं. मले वाटलं, काय हुशार आहो मी! हॉलातल्या दोनशे लोकायले हिंदी समजते, हे डोक्यातच नाही आलं.

दीदींनी डोळे मिटले, प्रार्थना चालू असल्यासारखे. नेपाळचे पास्टर पाणी प्यायले लागले, अन् पितच राहिले. माझं खोटं कोणीच पकडून नाही दिलं. सगळ्यायले सर आवडत होते, हे मले तेव्हा समजलं.

सर वळले. चष्मा कपाळावर. मराठीतच म्हणाले, "तेहतीस कुठून आणले?"

"सर..."

"स्टेप दाखव."

दाखवू काय, कपाळ? मग त्यायनंच सांगितलं, एकेक वाक्य, अन् मी इंग्रजीत 'मी' म्हणत गेलो. माझ्याकडं एकेचाळीस लोक होते. एक कारखाना बंद पडला, एकोणीस ओडिशा-बिहारात आपल्या गावाले गेले. राहिले बावीस. एक म्हातारी बाई देवाघरी गेली, मी तिच्या उशाशी होतो. राहिले एकवीस. चार जण माझ्यावर रुसले, काहून की मी प्रार्थना फार लांबवतो. राहिले सतरा.

शेवटचं वाक्य सांगता सांगता माझा हात आपोआप बाहीवर गेला. डाव्या. अख्खा हॉल फुटला. सरही हसले, पण गालात.

केनियाच्या पास्टरायनं हसू आवरून विचारलं, "त्या चौघायच्या घरी गेले होते तुम्ही?"

"चारों के घर गया," सर म्हणाले. "दो ने चाय पिलाई. दो ने दरवाज़ा नहीं खोला."

मी जसंच्या तसं सांगितलं. एकही मार्क इकडंतिकडं नाही.

पाहुणे आपसात कुजबुजले. मग विहिरीतून आवाज आला, उद्या सकाळी आम्ही बीरगांवले येतो.

रविवारी गेलो. पत्रा, सतरंजी, एक ढोलक, अन् मोजून सतरा माणसं. दोघं तं शिफ्टवरून थेट आलेले, हेल्मेट मांडीवर. सरायनं प्रार्थना खरंच फार लांबवली. केनियाच्या पास्टरायनं एक डोळा उघडून माझ्याकडं पाहिलं, मी दोन्ही मिटून घेतले. निघताना ते सरायले म्हणाले, एक वर्ष चालू द्या, मग पाहू. मी हे सांगेपर्यंत सर कपाळावरचा चष्मा शोधत होते. डोळे पुसायचे होते त्यायले, अन् चष्मा सापडत नव्हता.

मग सरायनं हजेरीचं रजिस्टर काढलं. सतरा लिहिले.

"सर, मले धरून अठरा लिहा ना."

"पुढच्या रविवारी येशील?"

"ढोलक वाजवाले येईन. नक्कल करू द्याल तं."

सरायनं थोडा विचार केला. सतराच्या बाजूले कंस काढला, त्यात एक लिहिला अन् रजिस्टर बंद केलं.

घरी आई दारातच उभी. "नाव नाही नं बदललं?"

"नाही वं," म्हटलं. "कंसात गेलं."