थांबेकाकांचं वजन

थांबेकाकांचं खरं आडनाव गल्लीत कुणाला आठवत नाही, आणि आठवून काही उपयोगही नाही. एकेचाळीस वर्षं हा माणूस गाड्यांचे ब्रेक दुरुस्त करतोय. दुसऱ्या कशाला हात लावत नाही. इंजिनाची तक्रार घेऊन कुणी आलंच तर ते फडक्याला हात पुसत म्हणतात, "चालत नसेल तर समोरच्या गॅरेजात जा. थांबत नसेल तर माझ्याकडे या." म्हणून ते थांबेकाका.

ब्रेक तपासायची त्यांची एक रीत होती. मालकाला गाडी चालवायला लावायची आणि आपण मागच्या सीटवर डोळे मिटून बसायचं. पुढे कधी नाही. मागची चाकं काय बोलतात ते पुढे बसणाऱ्याच्या कानावर येत नाही, असं त्यांचं ठाम मत. "डावीकडचा लायनर तिरका झिजलाय," असं ते बसल्या जागेवरून सांगायचे आणि चाकातला ब्रेकचा ड्रम उघडला की तसंच निघायचं. काकू म्हणायच्या, "चाकाची कुजबुज ऐकू येते यांना. मी स्वयंपाकघरातून हाक मारली की मात्र कान बंद."

सून घरात आली ती गाड्यांचं वेड घेऊनच. आठवडाभर औषधांच्या दुकानात उभी राहून लोकांच्या खोकल्याच्या बाटल्या बांधायची आणि रविवारी जुन्या गाड्यांच्या शर्यतीत उतरायची. गाडी काकांचीच, बत्तीस वर्षांची, चौकोनी, दोनदा रंग दिलेली. आत लोखंडी पिंजरा बसवून आणि मागची सीट उपटून तिने ती शर्यतीला तयार केली होती. तिचा नवरा, म्हणजे काकांचा मुलगा, शर्यतीच्या दिवशी घरभरचे कपडे धुवायला काढायचा. त्याला बघवत नसे.

मागच्या शर्यतीत चौथ्या फेरीला ड्रम तापले, ब्रेक लागेनासे झाले आणि गाडी वळण सोडून टायरच्या ढिगात घुसली. खांदा तेवढा दुखावला. सून हसत घरी आली, पण काकांनी मागच्या चाकाजवळ नाक नेलं आणि जळका वास आल्यावर त्यांचा चेहरा उतरला. एकेचाळीस वर्षं जगाच्या गाड्या थांबवल्या आणि घरच्या पोरीची गाडी थांबली नाही, ही गोष्ट त्यांना जेवू देईना.

"ड्रम काढून टाकायचे," त्यांनी जाहीर केलं. "मागेही डिस्क बसवू, त्या अशा तापून सोडत नाहीत. मी बसवतो."

मग तीन आठवडे घरामागच्या शेडमध्ये हेच चाललं. एका मोठ्या मोटारीच्या डिस्क भंगारातून आल्या, लेथवाल्याने पट्ट्या घडवून दिल्या, हँडब्रेकची केबल तीनदा कापून तीनदा नवी आणावी लागली. सुनेने एक छोटा पितळी व्हॉल्व्ह आणून दिला. मागच्या चाकांकडे जाणारं ब्रेकचं प्रेशर त्याच्या बटणाने कमी-जास्त करता येतं.

काकांनी तो उलटासुलटा करून पाहिला. "ही तोटी कशाला? ब्रेक लावायचा आणि मग तोच अडवायचा?"

"बाबा, डिस्क मोठ्या गाडीच्या आहेत. आपली गाडी मागून हलकी."

"बसून बघतो की मी. काही असलं तर मला ऐकू येईल."

व्हॉल्व्ह ड्रॉवरमध्ये गेला.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी दोघं एका बंद कारखान्याच्या सिमेंटच्या आवारात गेली. मागे सीट नव्हती, म्हणून काकांनी आपली हत्यारांची लोखंडी पेटी चढवली आणि तिच्यावर बैठक मारली, दोन्ही हातांनी पिंजरा धरून. सुनेने वेग घेतला, ब्रेक दाबला. गाडी सरळ थांबली. पुन्हा केलं, आणखी जोरात. पुन्हा सरळ. आठ वेळा तेच. काकांनी डोळे उघडले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर, अगदी खरं सांगायचं तर, गर्व होता.

"कुठंय तुझी तोटी?" ते म्हणाले.

पेटीवर बसून त्यांचे गुडघे आखडले होते. ते उतरले, पेटीही खाली घेतली, आणि म्हणाले, "शेवटची एक मार, मी पाणी पितो."

बाटलीचं झाकण उघडायच्या आत टायर किंचाळले. गाडीची शेपूट एका बाजूला निघाली, पुढे आली, अख्खी गाडी गरकन फिरली, मग पुन्हा फिरली, आणि भिंतीपासून चार हातांवर उलट्या तोंडाने उभी राहिली. पंच्याण्णव किलोंचा, दुखऱ्या गुडघ्यांचा माणूस त्या दिवशी जसा पळाला तसा तो आधी कधीच पळाला नसेल.

सून स्टिअरिंग धरून बसली होती, पांढरीफटक. "मागची चाकं जाम झाली, बाबा."

"जोरात दाबलास तू!" काका ओरडले. भीतीने माणूस ओरडतो, तसे.

"आठ वेळा दाबला तसाच दाबला."

काकांनी वाकून सिमेंटवरच्या टायरच्या खुणा पाहिल्या. तीच गाडी, तीच जमीन, तोच पाय. मग या खेपेला वेगळं काय होतं? त्यांनी मागे वळून पाहिलं. आवाराच्या त्या टोकाला त्यांची चाळीस किलोंची पेटी एकटीच पडली होती.

पायाखालची जमीन सरकली म्हणतात ते त्यांना तेव्हा कळलं. ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घालते आणि मागून हलकी होते, हे तर ते शिकाऊ असल्यापासून जाणत होते. पण मागे सव्वाशेच्या वर किलो घेऊन बसल्यावर ती हलकी होणार कशी? चाकांना जमिनीवर दाबून धरत होते ते स्वतः. उद्या ती एकटीच जाणार होती.

"माझंच चुकलं," ते म्हणाले. त्यांना हे वाक्य फारसं सवयीचं नव्हतं. "मी बसलो होतो म्हणून ती नीट थांबत होती. चल घरी. ती तोटी बसवू."

दुपारी शेडमध्ये व्हॉल्व्ह बसला. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला काकू नेहमीप्रमाणे पेडलवर पाय ठेवून गाडीत बसल्या. लग्न झाल्यापासून हे काम त्यांचंच. गाडीखालून आवाज यायचा, "दाब... धरून ठेव... सोड."

"एवढं हळू बोलताय ते?" काकूंनी विचारलं. "बरं नाही का?"

"बरंय. दाब."

चार वाजता पुन्हा तेच आवार. या वेळी काका बाहेर उभे राहिले, उन्हात, पेटीही बाहेर. पहिल्या खेपेला मागून धूर आला आणि शेपूट हलली. त्यांनी बटण दोन आटे फिरवलं. लोक आयुष्यभर त्यांच्याकडे ब्रेक वाढवून घ्यायला आले होते, आणि आज ते आपल्या हाताने केलेलं काम आपल्याच हाताने उणं करत होते. दुसऱ्या खेपेला थोडं जीवावर आलं. तिसऱ्या खेपेला काही वाटेनासं झालं. पाचव्या खेपेला सुनेने पूर्ण जोर लावला. पुढची चाकं आधी किंचाळली, मागची फिरत राहिली आणि गाडी ओळ आखल्यासारखी सरळ थांबली. तिने आणखी तीनदा करून दाखवलं. तिन्ही वेळा सरळ.

काकांचा जीव भांड्यात पडला. ते पेटीवर बसले आणि सकाळी राहिलेलं पाणी एका दमात प्यायले. डोळेही ओले झाले होते, पण ऊन होतं, कुणाला काही सांगायची गरज पडली नाही.

रविवारी सून अकरा गाड्यांत सहावी आली. सहाव्या नंबराला बक्षीस नसतं. पण बाराही फेऱ्यांत, त्या टायरच्या ढिगाजवळच्या वळणावर, गाडीने नाक खाली घातलं, वेग सोडला आणि अलगद वळली. काका कठड्याला धरून उभे होते. फेऱ्या मोजायचं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं, ते फक्त ते वळण बघत होते. शर्यत संपल्यावर त्यांनी घरी फोन लावला. मुलगा म्हणाला, "पडदेसुद्धा धुतले मी." मग बराच वेळ तो नुसताच हसत राहिला.

निघताना काकांनी सवयीने मागचं दार उघडलं आणि एक पाय आत टाकला.

"मागे नाही, बाबा," सून म्हणाली. "तुम्ही मागे बसलात की ही तुम्हाला आवडेल तेच सांगते. पुढे या."

काका घुटमळले. मग सावकाश पुढे येऊन बसले, पट्टा लावला आणि हात मांडीवर ठेवले. चौकातला दिवा लाल झाला. तिने ब्रेक दाबला आणि गाडी थांबली. मागच्या चाकांचं त्यांना काहीएक ऐकू आलं नाही.

"कशी वाटली?" तिने विचारलं.

"तूच सांग," काका म्हणाले.