खंडेनवमीच्या रांगेतलं मडकं

गूळ मातीला घालते म्हणून सासरी पहिल्याच वर्षी मला येडी ठरवलं होतं. ठरवू द्या. मी काही कुणाच्या ताटातला घास काढून घातला नव्हता.

चिटगुप्प्याजवळचं आमचं गाव तेव्हा मोगलाईत, निजामाच्या राज्यात होतं. घरामागं विहिरीला लागून तांबड्या मातीचा एक पट्टा पडीक होता. कुदळ मारली की ठणकन वाजायचा. थोरल्या दिरांना तिथं कडब्याची गंजी लावायची होती, आणि मी सासऱ्यांकडं तोच पट्टा शेवंतीसाठी मागितला. सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणायचे, मीही म्हणायची. अप्पा म्हणाले, "दसऱ्यापातूर कर. फुलं आली न्हाईत तर तिथं गंजी लागंल. मग रडायचं न्हाई." नवी सून काही मागते याचंच त्यांना नवल वाटलं असावं.

गुळाचं मला कुणी शिकवलं नव्हतं. हळ्ळीखेडकडं माझ्या माहेरी गुऱ्हाळ होतं. रस आटवायची मोठी काहील धुतली की ते गोडूस पाणी एकाच कोपऱ्यात ओतायचे. त्या कोपऱ्यातली माती भुसभुशीत, गांडुळांनी भरलेली, आणि झेंडू तर कुणी न लावता कमरेएवढा यायचा. बाकी सगळं आवार कडक. लहानपणापासून हे मी डोळ्यांनी बघत आले होते, आणि बघितलेलं मी सहजी सोडत नाही.

पावसाळ्यात गुळाच्या ढेपी पाझरतात. आमच्याकडं माठाच्या तळाशी त्याचा काळा, आंबूस पाक साठायचा. तो कुणी खात नसे. मी तो उचलला आणि हौसेनं तसाच नव्या लावलेल्या शेवंतीच्या रोपांच्या बुडाशी ओतला. दोन दिवसांत मुंग्यांनी मुळं उघडी पाडली आणि निम्मी रोपं माना टाकून बसली. दीर हसत म्हणाले, "झाडास्नी सणाचं जेवण वाढायलीस व्हय गं? आता पुरणाची पोळीबी कर." मला राग त्यांचा आला नाही, माझाच आला. काहिलीच्या पाण्यात गूळ नावापुरता असतो, पाणीच फार. एवढं बघूनही मी नेमकं पाणीच विसरले होते.

मग मी मडकं मांडलं. आमच्या घराण्यात पूर्वी मेंढ्यांचे कळप होते, तेव्हा दहा-बारा उरल्या होत्या. त्यांच्या लेंड्या, पळीभर तो पाक आणि घागरभर पाणी. तोंडाला फडकं बांधायचं आणि रोज काठीनं ढवळायचं. चार-पाच दिवसांनी ते फसफसायला लागे. आत काहीतरी जिवंत आहे एवढं मला कळायचं. आता शिकलेली पोरं त्याला नावं देतात, मी म्हणते बरं, असेल. त्यातलं तांब्याभर घेऊन बादलीभर पाण्यात मिसळायचं आणि ओल्या मातीवर शिंपडायचं. महिन्याभरात मातीची ठणठण गेली. वाचलेल्या रोपांना फुटवे आले.

पण वास सुटला, आणि तो थेट दारूच्या भट्टीचा. चुगली कुणी केली ते मला ठाऊक आहे, सांगत नाही. एका सकाळी आबकारीचा जवान दारात उभा राहिला. घरात दारू गाळताना सापडलं तर घरच्या पुरुषाला चौकीवर नेत. माझे मालक खांबाला टेकून पांढरेफटक पडले होते. दीर माझ्यावर खेकसले, "फोड ते मडकं, आत्ताच्या आत्ता."

फोडलं असतं तर गुन्हा कबूल केल्यासारखंच झालं असतं. मी फडकं सोडलं, कोपरापर्यंत हात घातला आणि लेंड्यांचा मूठभर चिखल जवानाच्या नाकाखाली धरला. "ह्याची दारू कोण पितंय सांगा. मलाबी बघायचाय तो माणूस."

तो दोन पावलं मागं सरला. "तौबा, तौबा," म्हणाला, "फिर ढाँक के कायकू रखे जी?" आणि इथून पुढं हे झाकायचं नाही अशी ताकीद देऊन, नाकाला रुमाल लावून गेला.

झाकायचं नाही तर नाही. मी मडकं उचलून दारापुढं गल्लीत आणून ठेवलं, उघडं. येणारीजाणारी माणसं नाक धरून जायची. दीर रोज म्हणायचे, हिनं घराण्याची इज्जत रस्त्यावर मांडली. "जवानाचा हुकूम हाय, भावजी," मी म्हणायची. खरं सांगते, मला मजा यायची.

नवरात्रात पट्टा पिवळाधमक झाला. तरी दीर म्हणत, फुलं पावसानं आली. एकदा दसरा होऊ दे, मडकं उकिरड्यावर जाईल आणि पट्ट्यात गंजी लागेल. अप्पा हो म्हणेनात, नाहीही म्हणेनात.

खंडेनवमीला ज्याच्यावर पोट चालतं ती सगळी अवजारं धुऊन ओसरीवर मांडतात. दिरांचा विळा, कुदळ, नांगराचा फाळ, लोकर कातरायची कात्री. प्रत्येकावर माझी शेवंती होती. अप्पा पूजेला बसले. मी गल्लीत गेले, मडकं उचलून आणलं आणि फाळाशेजारी रांगेत ठेवलं.

वास तर होताच. "देवापुढं ही घाण कामून?" दीर म्हणाले. अप्पांनी मान वर केली. "उचल ते."

"उचलते, अप्पा," मी म्हणाले. "पर आधी फुलं उचलते. तीबी ह्याचीच हाईत."

आणि मी खरंच वाकले. विळ्यावरचं फूल उचललं, कुदळीवरचं उचललं. फाळाकडं हात गेला तसे अप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे." मग दिरांकडं न बघताच म्हणाले, "गंजी गोठ्यामागं लाव." कुंकवाचा करंडा त्यांनी माझ्यापुढं सरकवला. मडक्याला ते स्वतः बोट लावणार नव्हते. मी लावलं, आणि हातातली दोन्ही फुलं मडक्यावरच ठेवली. दिरांचा विळा त्या वर्षी बिनफुलाचाच पुजला गेला.