अमावस्येचं गाऱ्हाणं

शेवंतीकाकूंनी आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला तिथी न विचारता काहीतरी ठरवलं आणि नेमकी अमावस्या निघाली. तीही शनिवारची. मुलुंडच्या त्यांच्या इमारतीत निम्म्याहून जास्त बिऱ्हाडं कणकवली-मालवणकडची. ही बातमी जिन्याने वर गेली ती प्रत्येक मजल्यावर चहा पीत गेली आणि संध्याकाळपर्यंत वनमालाबाईंनी आपलं नाव मागे घेतलं होतं.

बेत साधा होता. मुरबाडच्या पुढे काळू नदीच्या काठी एक रात्र तंबूत राहायचं, फक्त बायकांनी. इमारत पाडून तिथे टॉवर व्हायचा होता. नवीन वर्ष लागलं की घरं रिकामी करायची आणि मग कोण डोंबिवलीला, कोण बदलापूरला, कोण लेकाकडे नालासोपाऱ्याला. टॉवर होईल तेव्हा होईल. तोवर कोण असेल, कोण नसेल, हे काय बिल्डर लिहून देणार होता? एकत्र निघायचं तर आत्ताच, हे काकूंनी मनाशी पक्कं धरलं होतं.

सहली महिला मंडळाच्या यापूर्वीही निघायच्या. नाव मंडळाचं, ठरवायचे पुरुष. त्यामुळे सहल म्हणजे देवदर्शन आणि देवदर्शन म्हणजे रांग. गाडी थांबली की पुरुष उतरून पाय मोकळे करत आणि बायका उतरून स्टोव्ह पेटवत. घरचाच ओटा, फक्त जागा बदललेली. काकूंनी अशा किती सहली केल्या आणि त्यांत किती कांदे चिरले याचा हिशेब त्यांनी कधीच सोडून दिला होता.

नदीकाठचं हे वेड त्यांच्या डोक्यात आलं ते नोकरीतून. नवऱ्याची, धाकूभाऊंची, गिरणी बंद पडल्यावर काकू एका शाळेत आया म्हणून लागल्या आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिल्या. दर हिवाळ्यात शाळेची पोरं त्या काळूकाठच्या कॅम्पला जात. पोरं पाण्यात, काकू काठावर टॉवेल धरून. रात्री पोरं शेकोटीभोवती गाणी म्हणत आणि मग तंबूत शिरून खिदळत. काकूंची पथारी मात्र कोठीच्या खोलीत, बटाट्यांच्या पोत्याशेजारी, कारण रात्री कुणाचं पोट दुखलं तर आया हाताशी लागायची. तंबूच्या आत त्या कैकदा शिरल्या, पण त्या कुणाचा हरवलेला मोजा शोधायला. तिथे आडवं होऊन बघायचं राहूनच गेलं. ते राहिलेलं त्यांना सलायचं आणि हे सांगायची त्यांना अजिबात लाज वाटत नसे.

तर त्यांनी कॅम्पवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, हाच शनिवार घ्या आंटी, त्या रात्री झकास अंधार असतो, एवढ्या चांदण्या दिसतात की मुंबईची माणसं वेडी होतात. पुढचे शनिवार नाताळवाल्यांनी आणि एकतीस तारखेवाल्यांनी धरलेले होते. काकूंनी तिथल्या तिथे हो म्हटलं. अंधार झकास का असतो, हे विचारायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. घरात तिथी-वार बघायचं काम धाकूभाऊंचं. कुठल्या दिवशी नखं कापायची इथपासून ते सांगणार आणि या घरात दुसऱ्या कुणी कधी कॅलेंडरला हात लावला नव्हता.

धाकूभाऊंनी कॅलेंडरात तो शनिवार बघितला आणि चष्मा काढून ठेवला. ते रागावले नाहीत, हीच मोठी पंचाईत. रागावलेल्या नवऱ्याशी कसं वागायचं हे काकूंना येत होतं. धाकूभाऊ घाबरले होते. अमावस्या, त्यात शनिवार, त्यात नदीचा काठ, त्यात सगळ्या बायका. गावाकडच्या ओहोळावर कुणाला काय दिसलं होतं ते त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं. काकूंनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं की अमावस्येला आजवर तुम्ही भात खाल्लात तो कोणी शिजवला? मी त्या दिवशी बाजारात जाते, पाणी भरते, नोकरीला गेले, रात्रीची शेवटची बस पकडून घरी आले. तेव्हा अमावस्या कुठे जायची?

पण धाकूभाऊंकडे दुसरं काहीतरी होतं. इमारतीतून कुठलीही गाडी निघाली की गाडीसमोर नारळ धरून गाऱ्हाणं घालायचं ते त्यांनी. देवाला हाक मारून सगळ्यांच्या वतीने मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय महाराजा’ म्हणायचं. लग्नाचं वऱ्हाड असो की शिर्डी, धाकूभाऊंच्या गाऱ्हाण्याशिवाय चाक हललेलं कुणी पाहिलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, “अमावस्येक बायकांका भायर काढूक मी देवाक सांगणार नाय.”

घाव बरोबर जागी बसला. कारण बायका नवऱ्याला न विचारता एकवेळ आल्या असत्या, पण गाऱ्हाण्याशिवाय? आठवडाभर काकूंच्या दारावर कारणं येत राहिली. कुणाचा गुडघा सुजला, कुणाकडे पाहुणे आले, शेजारच्या सुगंधाला अचानक थंडी बाधायला लागली. अमावस्या हा शब्द एकीनेही तोंडातून काढला नाही. पुण्याहून हर्षदने, काकूंच्या मुलाने, फोन करून या वयात हे काय सुचलंय म्हणून विचारलं. काकूंनी त्याला त्याच्या शाळेच्या कॅम्पचा टॉवेल कोणी धरला होता याची आठवण करून दिली आणि फोन ठेवला.

न डगमगलेली एकच होती, तळमजल्यावरची मीरा. मीरा महापालिकेच्या दवाखान्यात नोकरीला, लातूरकडची, बौद्ध. तिला हे सगळं प्रकरण ऐकून हसूच आलं. तिच्या मुलखात म्हणे याच मार्गशीर्षातल्या अमावस्येला गावं ओस पडतात, कारण सगळी माणसं रानात जेवायला जातात. येळवस म्हणतात तिला. लहानपणी ती आईबरोबर जायची. ज्यांच्या शेतात आई राबायची त्यांच्याच बांधावर बसून सगळी शेंगा-पालेभाज्यांची भज्जी आणि ताकातली आंबील ओरपायची.

“मी कुठलीच तिथी मानत नाही, ताई,” मीरा म्हणाली. “पण तुमची अमावस्या एवढी वाईट असती तर आमचा अख्खा जिल्हा कधीच संपला असता ना.”

हे काकूंनी वनमालाबाईंना जाऊन सांगितलं. वनमालाबाई म्हणाल्या, त्यांचे देव वेगळे. काकू म्हणाल्या, चंद्र तर एकच ना, आणि तिथून तडक उठल्या. उठल्या खऱ्या, पण जिन्यात त्यांना रडू आलं. राग सुगंधाचा नव्हता, वनमालाचाही नव्हता. या बायकांची बाळंतपणं त्यांनी केली होती, त्यांची आजारपणं काढली होती. महिन्याभरात सगळ्या पांगणार होत्या आणि एक रात्र, फक्त एक रात्र, त्यांना मिळत नव्हती. डोळे पुसून काकू घरी गेल्या आणि गाडीवाल्याला कळवलं की गाडी मोठीच पाठव. दोघीच असलो तर हातपाय पसरून बसू.

शनिवारी सकाळी गाडी फाटकाशी लागली. काकू आणि मीरा पिशव्या घेऊन उभ्या होत्या. हळूहळू बाकीच्याही खाली उतरल्या, निरोप द्यायला म्हणून. वनमालाबाई निरोप द्यायला आल्या त्या नातीचे स्पोर्ट्स शूज घालून. सुगंधाच्या गळ्यात मफलर होता आणि शालीखाली काखेत भरलेली पिशवी. काकूंनी हे सगळं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

कुणी गाडीत चढेना, कुणी घरी जाईना. शेवटी वनमालाबाईंनीच विचारलं, “गाऱ्हाणा कोण घालतला?”

सगळ्यांनी वर पाहिलं. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत धाकूभाऊ उभे होते, हात पाठीमागे बांधून. ते जागचे हलले नाहीत.

काकूंनी पिशवीत हात घातला. चटणीसाठी घेतलेला नारळ होता, तो बाहेर काढला. चपला काढल्या, पदर खोचला आणि गाडीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. बाईने गाऱ्हाणं घातलेलं त्या इमारतीत कुणी ऐकलं नव्हतं. काकूंनीही नव्हतं. त्यांचा आवाज पहिल्यांदा फाटला.

“बा देवा महाराजा, आज अमावस्या. ही तारीख मी धरलंय. चूक आसली तर ती माझी, ह्या बायकांची न्हय.”

काकू वळल्या. “तोंडात काय धरलास? व्हय म्हणा.”

मग परत गाडीकडे तोंड केलं. आता आवाज नीट लागला होता. “ह्यो बायो जल्मभर दुसऱ्याच्या तारखेन इल्यो आणि दुसऱ्याच्या तारखेन गेल्यो, रे महाराजा.”

“व्हय महाराजा,” वनमालाबाई म्हणाल्या. अगदी हळू, पण म्हणाल्या.

“आज आपल्या मनान नदीर जातत. रात्री काळोख आसतलो, तो बघूकच जातत. त्यांका सांभाळ रे महाराजा.”

“व्हय महाराजा!” या वेळी सगळ्या होत्या. मीरा तेवढी हाताची घडी घालून बाजूला उभी होती, गप्प, पण वर्गाला सांभाळणाऱ्या बाईसारखी सगळ्यांवर नजर ठेवून.

काकूंनी श्वास घेतला. “आणि जो वरती गॅलरीत उभो आसा, जेणा आमचा गाऱ्हाणा घातल्यान नाय, तेचापण बरा कर रे महाराजा.”

बायकांना हसावं की काय करावं कळेना. तेवढ्यात वरून आवाज आला.

“व्हय महाराजा.”

जन्मभर गाऱ्हाणं घालणारा माणूस. त्याच्यावर हो म्हणायची वेळ कधी आलीच नव्हती.

काकूंनी वर पाहिलं नाही. डोळे भरले होते आणि ते त्यांना दाखवायचे नव्हते. त्यांनी नारळ पायरीवर आपटला. मीरा म्हणाली, झालं ना, चला बसा आता, ऊन होईल. बायका पिशव्या घेऊन गाडीत घुसल्या आणि खिडकीच्या जागेवरून लगेच भांडणं सुरू झाली. काकू सगळ्यांत शेवटी चढल्या. चढण्याआधी त्यांनी नारळाची एक वाटी पिशवीत टाकली, दुसरी पायरीवर ठेवली आणि गॅलरीकडे न बघताच मोठ्याने सांगितलं,

“खोबरा घेऊन जावा. आणि चाय उद्या संध्याकाळपर्यंत तुमची तुमीच करा.”